हातचं न सोडता

मी बेस गिटार बोलतेय. आणि पुढचं काही सांगण्याआधी तुमच्या मनातला प्रश्न मिटवून टाकते. माझ्या दोन तारा तुटलेल्या नाहीत. मला चारच तारा आहेत, जन्मापासून. सहा तारांची ती माझी चुलत बहीण. ती चुरूचुरू बोलते, लोक तिच्याकडे बघतात, तिला गळ्यात अडकवून फोटो काढतात. मी जाड आवाजाची. लोकांना वाटतं, मी त्यांना ऐकू येत नाही. मला गाण्याच्या मधेच बंद करून बघा, मग पायाखालची फळी कुणी काढून घेतली ते शोधत बसाल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या लांब मानेवर पितळेच्या पट्ट्या ठोकल्या, दुसऱ्या कुणी अंगाला गडद लाल रंग दिला, आणि शेवटी एका चष्मेवाल्याने चार तारा चढवून कान माझ्या अंगाला टेकवला आणि मला छेडलं. "हं, बरी आहे," एवढं म्हणून त्याने मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मला ते बरेच दिवस पुरलं.

पहिले मालक म्हणजे दातांच्या डॉक्टरांचे चिरंजीव. त्यांना रंग आवडला म्हणून त्यांनी मला घेतलं आणि घरी जाऊन तारा मोजल्या. मग दुकानदाराशी भांडायला गेले. दुकानदाराने समजावलं, तेव्हा कान लाल करून परत आले, दोन-चार दिवस मला खाजवल्यासारखं वाजवलं, आणि "यातून गाणं येतच नाही" असा निकाल देऊन मला कपाटावर टाकलं. शेजारी एक मोडका पंखा होता. आम्ही दोघं मिळून धूळ खात पडलो. पंखा निदान उन्हाळ्यात लोकांना आठवे. माझी आठवण यायला मात्र कुठलाच ऋतू नव्हता. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण माझ्यात काही कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही.

डॉक्टर केस कापायला ज्या दुकानात जात, तिथे एक बाप दुकान चालवायचा आणि त्याच्या हाताखाली त्याची लेक शिकत होती. त्या लेकीनेच एकदा डॉक्टरांना विचारलं, घरात एखादं जुनं वाद्य पडलंय का. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा ती अडगळ. पण बापाला फुकटचं नको होतं. वर्षभर डॉक्टरांची हजामत करून द्यायची आणि बदल्यात मला घ्यायचं, असं ठरलं. डॉक्टरांच्या डोक्यावर तेव्हाच कानांपुरते केस उरले होते. बाबांना सौदा चांगलाच स्वस्तात पडला.

अशी मी सलूनमध्ये आले. आरशाशेजारच्या खिळ्यावर माझी जागा झाली.

लेकीचं टोपणनाव कात्री. लहानपणापासून हातात कात्री म्हणून तसं, आणि जिभेची धार बघून तसंही. आता दुकान तीच चालवते. बाबा भिंतीकडेच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात आणि लेकीच्या हाताकडे लक्ष ठेवतात. केस कापून घेताना तुम्ही कधी नीट ऐकलंय का? कात्री केसांवरून उठते, कंगवा पुढे सरकतो, आणि मधल्या वेळात कात्री हवेतच कच-कच चालत राहते. काही कापत नाही, पण थांबतही नाही. आमच्या कात्रीची कात्री तशी दिवसभर चालते, आणि वर तिचं तोंड. कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कुणाच्या गल्लीत पाणी नाही, कुणाचं गुडघ्याचं दुखणं. आजवर कुणाचा कान कापला गेलेला नाही.

आमचा बँड तिघांचा. ड्रमवर फ्यूज. हा विजेची कामं करतो, आणि त्याचं डोकं कधी उडेल सांगता येत नाही, म्हणून हे नाव. माझ्यावर कात्री. आणि गायला, गिटारला तिचा मोठा भाऊ, दादा. गाणी दादाचीच. तो मार्केटमध्ये भाजीचा लिलाव पुकारायचा. सकाळी लिलाव, संध्याकाळी गाणं, अशा एकाच गळ्याला दोन नोकऱ्या. गळा किती दिवस सहन करणार? एका वर्षी त्याचा आवाज बसला, तो उठलाच नाही. ऑपरेशन झालं. गळ्याचे डॉक्टर म्हणाले, हळू बोला, पण लिलाव आणि गाणं दोन्ही विसरा. दादाला मार्केटने वजनकाट्यावर बसवलं. आता तो बोलला की कागद घासल्यासारखा घोगरा आवाज येतो, समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. म्हणून तो बोलायचंच टाळू लागला.

मार्केटचं वार्षिक संमेलन तोंडावर आलं होतं. दरवर्षी तिथे आम्हीच वाजवायचो. फ्यूजने एक गायक शोधून आणला. विम्याचा एजंट, गळ्यात रुमाल, आवाज वाईट नव्हता. पण नाकापेक्षा मोती जड. पहिल्याच दिवशी त्याने दादाच्या गाण्यातले शब्द बदलायला सांगितले. "दार, कडी वगैरे फार घरगुती वाटतं हो," म्हणाला.

दादाने गिटार उतरवून पेटीत ठेवली. "त्याला गाऊ दे," तो पुटपुटला. "मी थांबतो. गाता येत नाही त्याने गाण्याच्या मागे उभं राहून करायचं काय? गिटार विकून टाकेन म्हणतो."

"विकशील आणि?" कात्री म्हणाली.

"आणि काही नाही."

"तुझी गाणी मी म्हणेन."

फ्यूज हसला. "बेस कोण वाजवणार? तुझे बाबा?"

"मीच."

"हात की तोंड, एक काय ते ठरव. बेसवाल्याने गायचं म्हणजे काय ते माहितेय का तुला?"

दादा तिच्याकडे वळला. "संमेलनापर्यंत म्हणून दाखव," तो म्हणाला. "नाही जमलं, तर मी विकायला मोकळा. मग अडवायचं नाही."

कात्रीने मान हलवली. एजंटसाहेबांना चहा पाजून निरोप दिला, आणि मला खिळ्यावरून काढलं. तेव्हा मला वाटलं, हिच्यासाठी काय अवघड आहे? दिवसभर हेच तर करते.

कसलं काय! दादाचं ते गाणं असं सुरू होतं: *दार लोटून ठेवलंय, कडी नाही लावली.* माझं काम त्याखाली साधं, शांत चालायचं. चार पावलं, पुन्हा चार पावलं. पण कात्रीने 'दार लोटून' म्हटलं आणि तिची बोटं माझ्यावर 'दार लोटून' वाजवू लागली. जेवढी अक्षरं तेवढे ठोके. 'ठेवलंय'ला बोटं ठेचकाळली, 'कडी'ला दोनदा उडाली. ती शब्दावर थांबली की मीही थांबायचे. बोटं सावरली तर गाणं बेसूर, गाणं सावरलं तर बोटं बेताल. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"हा ठेका आहे की जिन्यावरून पडलेली भांडी?" फ्यूजने विचारलं. मग त्याने जे सुनावलं, ती बिनपाण्याची हजामत होती, आणि तीसुद्धा एका हजामत करणारीची. कात्री नेहमी एका शब्दाला चार परत देते. त्या दिवशी तिने नुसतं मला पुसून खिळ्यावर टांगलं. दादा तर तालमीला आलाच नव्हता.

मग तिने हट्टाने चोवीस तास तेच धरलं. झाडताना गाणं, वस्तरा परजताना गाणं. आणि एका सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे काका खुर्चीत बसले असताना तिने तेच गाणं तोंडातल्या तोंडात सुरू केलं. काका डुलकी काढत होते. मी भिंतीवरून बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की कात्रीचा आवाज आज वेगळाच येतोय. नेहमीची कच-कच नव्हती. कच, कचकच, थांबा, कच. शब्दांबरोबर!

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. उठले, काकांच्या मागे गेले आणि मानेकडे बघत राहिले. तिथे पायऱ्या झाल्या होत्या. एक लांब, दोन आखूड, एक लांब.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

कात्रीने बघितलं आणि तिचा हात खाली आला.

काका जागे झाले. मानेमागे दुसरा आरसा धरून त्यांनी आपली मान बघितली. ते काट्याकाट्याचा हिशेब ठेवणारे, मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ते म्हणाले, "काय आहे हे, नकाशा?"

"गाणं आहे," बाबा म्हणाले. "पहिली ओळ." मग लेकीकडे वळले. "तुझ्या हातात पहिल्यांदा कात्री दिली, तेव्हा काय सांगितलं होतं मी?"

"हवेत चालवत राहा म्हणून."

"कुठवर?"

"कंटाळा येईपर्यंत. मग कंटाळा जाईपर्यंत."

"आणि गिऱ्हाइकाशी बोलायची परवानगी कधी दिली?"

कात्री म्हणाली, "हात आपला आपण चालायला लागला तेव्हा."

"मग या बाईसाहेबांनी काय घोडं मारलंय?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईसाहेब! मी लगेच ताठ झाले. "हिला हवेत चालवलंस कधी? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेस तू. शब्द पळणारच, त्यांचं कामच आहे ते. हाताने कशाला पळायचं?"

काका ऐकत होते. म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण माझ्या मानेचं काय?" शेवटी सगळं बारीक करावं लागलं. उठताना त्यांनी टोपी डोक्यावर दाबली. "अर्धं गाणं माझ्या डोक्यावर गेलंय," ते म्हणाले. "उरलेलं तरी नीट शीक." आणि त्यानंतर ते मधून मधून ऐकायलाच येऊ लागले, केस वाढायच्या आधीच.

तेव्हापासून गाणं बंद झालं. दुपारी दुकानात वर्दळ कमी असते. कात्री खुर्चीत बसायची, मला मांडीवर घ्यायची आणि नुसती चालायची. चार पावलं, पुन्हा चार पावलं. गाणं नाही, काही नाही. मला वाटलं, ही मला झोपवतेय की काय! पण हळूहळू तिची बोटं माझ्यावर जड पडेनाशी झाली. तिला माझ्याकडे बघावं लागेना.

मग गप्पा सुरू झाल्या. बाकावर जो असेल त्याच्याशी. आधी नुसतं "हो" आणि "नाही". "नाही"ला आम्ही जरा अडखळायचो, कारण कात्री "नाही" फार ठासून म्हणते. मग पूर्ण वाक्यं. कुणाच्या जावयाची बदली ऐकताना मी चालत राहिले. फ्यूजच्या चुका सांगतानाही चालत राहिले. मग बाबांनी वर्तमानपत्र तिच्यासमोर धरलं, आणि तिने दादाच्या चालीवर छोट्या जाहिराती गायल्या. *दोन खोल्या भाड्याने, हवेशीर, वेगळा नळ.* एका गिऱ्हाइकाने खरंच पत्ता विचारला.

आणि अगदी शेवटी दादाचे शब्द. तेही गाऊन नाही, आधी बोलून. कुठला शब्द माझ्या आधी निघतो आणि कुठला माझ्यावर येऊन बसतो, ते तिने एकेक करून शोधलं. 'दार' माझ्या जरा आधी निघतं. 'लोटून'मधला 'टू' माझ्यावर येऊन टेकतो. 'कडी' माझ्या दोन पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत. एकदा हे कळल्यावर तिला शब्दांची भीती राहिली नाही. आणि मला तर पहिल्यांदाच कळलं की या गाण्यात माझ्या पावलांना एवढं महत्त्व आहे. मला संशय होताच म्हणा.

एक दिवस फ्यूज दुकानात आला. कात्रीने गाता गाता भुवईने त्याला बसायला सांगितलं. तो बसला, वायरचं भेंडोळं शेजारी ठेवलं, पूर्ण गाणं ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाला, "चल, वाजवून दाखव आता."

"वाजवतच होते," कात्री म्हणाली.

फ्यूजने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने त्याचा मोठा ढोल माझ्या पावलांशी जुळवून घेतला आणि तोंड बंद ठेवलं.

दादा आला तो केस कापायला. खरं तर त्याचे केस वाढले नव्हते. खुर्चीत बसला, आरशात बघत राहिला. कात्रीने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि मला उचललं. त्याला गाणं ऐकवलं. तो हललासुद्धा नाही. संपल्यावर एवढंच म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात श्वास उशिरा घेतेस. आधी घे."

"तू येतोयस ना?"

"यावेळी येतो. पुढचं पुढे बघू." गिटारीबद्दल त्याने काही सांगितलं नाही. कात्रीनेही विचारलं नाही, मला खिळ्यावर टांगलं आणि त्याचे केस कापायला घेतले.

संमेलनाला सगळं मार्केट आलं होतं. हमाल, अडते, काट्यावरचे, चहावाले, त्यांच्या बायका, पोरं. हे सगळे दादाच्या आवाजावर वर्षानुवर्षं दिवस सुरू केलेले लोक. पहिल्या रांगेत बाबा, शेजारी टोपीवाले काका. व्यासपीठावर मधोमध माइक, त्याच्यासमोर कात्री आणि तिच्या खांद्यावर मी, बाजूला जरा मागे गिटार घेऊन दादा. इतकी वर्षं आम्ही मागे, दिव्याच्या कडेला उभ्या राहायचो. मला प्रकाश आवडला, लपवून काय करू?

पहिली गाणी झाली. मी चालले, ती गायली. लोक आधी चकित झाले, मग पायाने ठेका धरू लागले. मग दादाचं ते गाणं. पहिलं कडवं गेलं, हात हाताच्या जागी, शब्द शब्दांच्या जागी. दुसऱ्या कडव्याआधी कात्रीने श्वास घेतला, अगदी वेळेवर.

तिथे एक ओळ आहे: *हाक नको मारूस, पाऊल ओळखतो मी.* ही ओळ दादा नेहमी माइककडे झुकून म्हणायचा. सवयीने तो झुकला. समोर माइक नव्हता. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कात्रीने नेमकं तेवढंच पाहिलं. ओळ आलीच नाही.

सभागृहात सगळ्यांना कळलं. फ्यूजच्या काठ्या वर राहिल्या. पूर्वीची वेळ असती तर जीभ थांबली की बोटं थांबली असती, आणि तिथेच सगळं संपलं असतं. पण मी चालत होते. चार पावलं, पुन्हा चार पावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तोंडातून शब्द नव्हता, आणि हात मात्र हवेतल्या कात्रीसारखा आपला आपण चालत होता. त्या एवढ्या मोठ्या जागेत तेव्हा एकटी मीच ऐकू येत होते. फ्यूजचा ढोल हळूच माझ्याबरोबर आला.

कात्री दोन पावलं बाजूला सरकली. माइक मोकळा झाला. तिने दादाकडे बघून मानेने खूण केली.

दादाने मान हलवली. नाही.

मी पुन्हा फेरी घेतली. तिने पुन्हा खूण केली. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेला आले होते.

दादा पुढे आला. माइकच्या अगदी जवळ. गायला नाही. त्याच्या त्या घोगऱ्या, घासलेल्या, मार्केटने महिनोन्महिने धड ऐकलाच नव्हता अशा आवाजात त्याने ती ओळ नुसती बोलून टाकली. "हाक नको मारूस. पाऊल ओळखतो मी."

एवढं मोठं मार्केट, दिवसभर ओरडून व्यवहार करणारं. तिथे कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे पुढे वाकून ऐकत होते. कात्रीने डोळे पुसले नाहीत, तिचे हात रिकामे नव्हते. ती पुढची ओळ गायली, आणि दादा माइकपासून हलला नाही. शेवटपर्यंत ती दोघं एकाच माइकसमोर उभी होती आणि मी त्यांच्यामध्ये दाटीवाटीने चालत होते. माझ्या अंगावर दादाच्या गिटारीचा एक ओरखडा पडला तो त्याच दिवशीचा. मी तो रंगवून घेतलेला नाही.

गिटार विकायचं पुन्हा निघालं नाही. ती ओळ आता दादाचीच आहे. लोक गाण्याची फर्माईश करतात तेव्हा सांगतात, "ते भाऊ बोलतात ते गाणं घ्या." आमचा फ्यूज म्हणतो, बेसवाल्याने गाणं मुळीच अवघड नसतं, नुसती शिस्त लागते. त्याने आम्हाला शिकवलं असंही तो सांगतो. सांगू दे.

मी अजून आरशाशेजारच्या खिळ्यावरच असते. लाल रंग कडेला उडालाय, मानेवरच्या पट्ट्या बोटांनी झिजल्यात, ओरखडा आहे तो आहेच. तुम्ही कधी केस कापायला आलात तर खुशाल बघा, हातात घ्या. फक्त ओले हात लावू नका, आणि 'गाणं येत नाही' म्हणून मला कुठल्या कपाटावर टाकू नका. माझ्यासारख्या बऱ्याच जणी पडल्या आहेत तशा. त्यांच्यापैकी एखादीला खाली काढलंत, तर या चार तारांचं पुण्य तुम्हाला लागेल.

परवाच एक नवं गिऱ्हाईक आलं. खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "छान आहे हो गिटार. दोन तारा तुटल्यात वाटतं?"

कात्रीने उत्तरासाठी तोंड उघडलं. पण त्याआधी मागच्या बाकावरून आवाज आला, घोगरा, हळू. गिऱ्हाइकाला मान वळवून ऐकावं लागलं.

"नाही," दादा म्हणाला. "आहेत तेवढ्यात सगळं गाणं होतं."

कात्रीने गिऱ्हाइकाची मान सरळ केली आणि हवेत कच-कच करत कामाला लागली.